तडीपारीला नोटीस लागते. देशाबाहेर काढायला काय लागते?

काळी शाई (धागाकर्ती)

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ५६ खाली एखाद्या गुंडाला तडीपार करायचे असेल, तर कलम ५९ प्रमाणे त्याच्यावरील आरोपांचे साधारण स्वरूप त्याला आधी लेखी कळवावे लागते. त्याला खुलासा करण्याची वाजवी संधी मिळते, वकील लावता येतो, साक्षीदार पुढे करता येतात, आणि आदेश झालाच तर कलम ६० खाली ३० दिवसांत राज्य सरकारकडे अपील करता येते. एवढ्या खटाटोपानंतर तो माणूस जातो कुठे, तर ठाण्यातून नाशिकला, आणि तेही जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी. ज्यांनी तडीपारीची प्रकरणे चालवली आहेत त्यांना ठाऊक आहे की नोटिशीत एखादा आरोप मोघम राहिला, तर उच्च न्यायालय सगळा आदेश रद्द करते.

जून २०२५ मध्ये महाराष्ट्रातून पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशी ठरवून सीमेपलीकडे ढकलण्यात आले आणि काही दिवसांतच दोन्ही देशांच्या सीमा दलांची बैठक होऊन त्यांना परत घ्यावे लागले, कारण ते भारतीय निघाले. त्यांपैकी कोणापुढे न्यायाधीश बसला नव्हता आणि अपील करता येईल असा आदेश कोणाच्या हातात पडला नव्हता. आपण ज्याला ‘पुशबॅक’ म्हणतो त्याला पलीकडे ‘पुश-इन’ म्हणतात. एकाच धक्क्याची ही दोन नावे आहेत, आणि दोन्ही नावे कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात नाहीत.

मी मुंबईच्या एका उपनगरात वकिली करते आणि आठवड्यातून दोन दिवस विधी सेवेची कामे घेते. त्याच पावसाळ्यात एका मुकादमाचा मला फोन आला. त्याच्या साइटवरून पहाटे सात जण उचलले होते, सहा संध्याकाळपर्यंत सुटले आणि एक गवंडी आतच राहिला. मी पोलीस ठाण्यात गेले तेव्हा त्याच्याजवळची प्लास्टिकची पिशवी टेबलावर उपडी केलेली होती. तीत लॅमिनेशन केलेले मतदार ओळखपत्र, आधार कार्ड, रेशन कार्डाची छायाप्रत, प्राथमिक शाळेचा बंगालीतला दाखला आणि वडिलांच्या नावाचा जमिनीचा पर्चा होता. पर्चा म्हणजे आपल्या सातबाऱ्याचा बंगाली भाऊबंद. तपासणाऱ्या अधिकाऱ्याने आधार बाजूला सारून ‘हे कोणीही काढतो’ असे सांगितले, आणि त्यात तथ्य नाही असे मला म्हणता येत नव्हते. परंतु ज्या दोन कागदांनी काही सिद्ध झाले असते, तो दाखला आणि तो पर्चा, ते वाचू शकणारी एकही व्यक्ती त्या खोलीत नव्हती. मलाही बंगाली येत नाही. शेवटी खाली नाश्त्याच्या गाडीवर काम करणाऱ्या एका मुलाला वर बोलावले आणि त्याने अक्षरे लावून वाचून दाखवले. गवंडी चार दिवसांनी सुटला, कारण त्याच्या गावच्या ठाण्याने फोनवर दुजोरा दिला. तो फोन उचलला गेला नसता तर काय झाले असते, याचे उत्तर कुठल्या कलमात मिळत नाही.

म्हणून या विषयावरची नेहमीची मांडणीच मला चुकीची वाटते. ‘घुसखोरांना कसले हक्क’ असा प्रश्न विचारला जातो आणि मग एक बाजू मानवतेचे व दुसरी राष्ट्रहिताचे बोलू लागते. दोघेही हे गृहीत धरतात की समोरचा माणूस परकीय आहे हे ठरलेले आहे. वस्तुतः प्रक्रिया लागते ती तेच ठरवण्यासाठी. पकडलेल्या माणसांत नागरिक कोण आणि परका कोण हे चेहऱ्यावर लिहिलेले नसते, त्यामुळे परक्याला जी सुनावणी आपण नाकारू ती त्याच क्षणी नागरिकालाही नाकारलेली असते.

बीरभूम जिल्ह्यातील एका गरोदर महिलेचे प्रकरण या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. जून २०२५ मध्ये तिला कुटुंबासह दिल्लीत पकडले आणि काही दिवसांतच सीमेपार केले. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २ मे २०२५ च्या सूचनांत मूळ राज्याकडून पडताळणी करून घेण्यासाठी ३० दिवसांची मुदत होती, आणि तिचीही वाट पाहिली गेली नाही. २६ सप्टेंबर २०२५ रोजी कलकत्ता उच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द केली व चार आठवड्यांत परत आणण्याचा आदेश दिला. निकालातला एक तपशील माझ्या मनातून जात नाही. कागदपत्रांनुसार तिचे वय २६ होते, म्हणजे जन्म २००० च्या सुमाराचा. पोलिसांच्या नोंदीप्रमाणे मात्र तिने १९९८ मध्ये बेकायदा प्रवेश केला होता. जन्माआधीच घुसखोरी केल्याची ही नोंद एखाद्या कनिष्ठ दंडाधिकाऱ्यानेही पाच मिनिटांत पकडली असती, पण ती त्याच्यापुढे गेलीच नाही. पुढे बांगलादेशातल्याच एका न्यायालयाने हे लोक भारतीय असल्याचे म्हटले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये ती आपल्या आठ वर्षांच्या मुलासह मालदा जिल्ह्यातून परत आली.

बेकायदा आलेल्या परकीयाला परत पाठवण्याचा अधिकार सरकारला आहे, याविषयी माझे दुमत नाही. पाठवण्यापूर्वी किमान काय झाले पाहिजे, एवढ्यावरच येथे चर्चा व्हावी.

सातबारा

ताई, मी महसूल खात्यात तीस वर्षे काढली आहेत, त्यामुळे खोटे कागद कसे तयार होतात हे मी तुमच्यापेक्षा जवळून पाहिले आहे. जन्माची उशिराने केलेली नोंद, तिच्यावरून शाळेचा दाखला, दाखल्यावरून रेशन कार्ड आणि रेशन कार्डावरून बाकी सगळे, अशी ती साखळी असते. पहिली कडी एकदा खऱ्या शिक्क्याने बसली की पुढचे सर्व कागद अस्सलच असतात. राज्य सरकारने २०२५ मध्ये उशिरा होणाऱ्या जन्मनोंदींचे नियम कडक केले ते उगीच नव्हे. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही ठाण्याच्या एका प्रकरणात जामीन नाकारताना आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र केवळ जवळ असल्याने कोणी नागरिक ठरत नाही, असे स्पष्ट केले.

प्रक्रिया हवी हे तत्त्व म्हणून मान्य करू. परंतु प्रक्रियेच्या नावाखाली काय होते याचा दाखला आसामने दिलेला आहे. १९८३ चा आयएमडीटी कायदा, म्हणजे बेकायदा स्थलांतरित ठरवण्यासाठी केवळ आसामात लागू असलेला कायदा, परकीयत्व सिद्ध करण्याची जबाबदारी तक्रार करणाऱ्यावर आणि सरकारवर टाकत होता. परिणामी लाखो प्रकरणांची चौकशी होऊनही प्रत्यक्षात बाहेर गेलेल्यांची संख्या नगण्य राहिली. सर्वानंद सोनोवाल प्रकरणात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला, आणि बेकायदा स्थलांतराला बाह्य आक्रमण म्हणण्यापर्यंत त्या निकालाची भाषा गेली.

दुसरे उदाहरण फेब्रुवारी २०२५ चे आहे. रीतसर न्यायाधिकरणापुढे परकीय ठरलेले ६३ जण आसामच्या स्थानबद्धता केंद्रात पडून होते आणि त्यांचे परदेशातील पत्ते माहीत नाहीत म्हणून राज्य त्यांना पाठवत नव्हते. तेव्हा सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती अभय ओक यांनी सरकारला विचारले होते की तुम्ही मुहूर्ताची वाट पाहत आहात काय. आपल्या मराठी न्यायमूर्तींचा तो प्रश्न मला अगदी रास्त वाटला. समोरचा देश ‘हा आमचा’ असे म्हणत नाही तोपर्यंत तुमची आदर्श प्रक्रिया पुढे सरकत नाही, मग अधिकाऱ्याने करायचे काय?

उंबरठा

माझी एक मूलभूत शंका आहे. मूलभूत हक्क नागरिकांसाठी असतात असे आम्ही शाळेत शिकलो. परकीय व्यक्तीला आपल्या संविधानाखाली नेमके काय मिळते, हे कोणी सोप्या भाषेत सांगेल काय? सातबारा यांच्या प्रश्नाला उत्तर देण्याआधी हे कळले तर बरे होईल.

काळी शाई

उंबरठा, संविधानाची मराठी प्रत उघडून फक्त ‘नागरिक’ आणि ‘व्यक्ती’ या दोन शब्दांखाली पेन्सिलने रेघ मारत जा. अनुच्छेद १५, १६ आणि १९ मध्ये ‘नागरिक’ आहे, म्हणजे भेदभावाविरुद्धचे संरक्षण, सरकारी नोकरीतील समान संधी, भाषण, संचार आणि वास्तव्याचे स्वातंत्र्य नागरिकांना. अनुच्छेद १४, २० आणि २१ मध्ये ‘व्यक्ती’ आहे, म्हणजे कायद्यापुढील समानता, आरोपीचे संरक्षण आणि जीवित व व्यक्तिगत स्वातंत्र्य हे सर्वांना. अटकेची कारणे सांगणे, आवडीच्या वकिलाचा सल्ला घेऊ देणे आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे सांगणारा अनुच्छेद २२ तर आणखी बोलका आहे, कारण त्यात अपवाद लिहून ठेवलेला आहे. हे संरक्षण शत्रुदेशीय व्यक्तीला मिळणार नाही, असे तो म्हणतो. शत्रुदेशीयाला वगळण्यासाठी वेगळे कलम घालावे लागले, याचा अर्थ इतर परकीय आत धरलेलेच होते. बांगलादेशाशी आपले युद्ध चालू नाही.

या अनुच्छेद २२ ची जन्मकथा आपल्या लोकांनी विसरू नये. ‘ड्यू प्रोसेस’, म्हणजे कायद्याची उचित प्रक्रिया, हे शब्द संविधानाच्या मसुद्यात होते. संविधान सभेचे सल्लागार बी. एन. राव अमेरिकेत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांना भेटून आले आणि त्यानंतर ते शब्द जाऊन ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ अशी सावध रचना आली. संविधान सभेत यावर टीकेची झोड उठली. १५ सप्टेंबर १९४९ रोजी डॉ. आंबेडकरांनी आज अनुच्छेद २२ म्हणून ओळखली जाणारी तरतूद मांडली, तेव्हा आधी जे गेले त्याची ही भरपाई आहे असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. म्हणजे ‘ड्यू प्रोसेस’च्या जागी बाबासाहेबांनी जे ठेवले ते वकील, कारण आणि चोवीस तास. पुढे १९७८ मध्ये मनेका गांधी प्रकरणात कार्यपद्धती न्याय्य व वाजवीच असली पाहिजे असे न्यायालयाने म्हटले आणि गेलेले शब्द मागच्या दाराने परत आले, हा भाग वेगळा.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर सातबारासाहेब मला पक्षपाती म्हणतील. १९५५ च्या हान्स म्युलर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने परकीयाला बाहेर काढण्याचा केंद्राचा अधिकार जवळजवळ अमर्याद मानला. लुई दे राएद हे बेल्जियन मिशनरी १९३७ पासून भारतात राहत होते, पण त्यांना मुदतवाढ नाकारल्यावर १९९१ मध्ये न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही आणि म्हणणे ऐकून घेण्याचा एकच ठरावीक नमुना नसतो असे म्हटले. याउलट १९९६ मध्ये अरुणाचलातील चकमा निर्वासितांच्या बाबतीत आणि २००० मध्ये हावडा स्थानकावर अत्याचार झालेल्या बांगलादेशी महिलेच्या बाबतीत अनुच्छेद २१ चे संरक्षण परकीयालाही आहे, हे त्याच न्यायालयाने ठासून सांगितले. एप्रिल २०२१ चा जम्मूतील रोहिंग्यांचा आदेश या दोन्ही प्रवाहांच्या संगमावर उभा आहे. देशात राहण्याचा हक्क त्यांना नाही, परंतु विहित कार्यपद्धती पाळल्याशिवाय त्यांना परत पाठवता येणार नाही, असे तो सांगतो. राहण्याचा हक्क आणि ऐकून घेतले जाण्याचा हक्क वेगळे आहेत, हे एवढे ध्यानात आले की निम्मी भांडणे मिटतात.

सातबारासाहेब, तुमचे ६३ जण हे माझ्याच बाजूचे उदाहरण आहे. त्यांचे परकीयत्व रीतसर ठरले होते, म्हणून न्यायालय घाई करा असे सांगू शकले.

हडसनकाठ

मी गेली सतरा वर्षे न्यू जर्सीत आहे आणि २०२५ मध्ये ‘ड्यू प्रोसेस’ हे शब्द इथल्या मराठी घरांत जितके उच्चारले गेले तितके पूर्वी कधी ऐकले नव्हते. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमृतसरला उतरलेल्या लष्करी विमानातील १०४ भारतीयांत तिघे महाराष्ट्रातले होते. तेव्हा आपल्याकडचा संताप सगळा बेड्यांवर होता. बेड्यांपूर्वी त्यांची सुनावणी झाली होती काय, हे फार थोड्यांनी विचारले.

अमेरिकी घटनेची पाचवी दुरुस्तीही ‘व्यक्ती’ असेच म्हणते. सर्वसाधारण प्रकरणात परकीयाला आरोपपत्रासारखी एक नोटीस मिळते, तो इमिग्रेशन न्यायाधीशापुढे उभा राहतो आणि वर अपील मंडळ असते. यातील मेख अशी की तो न्यायाधीश स्वतंत्र न्यायसंस्थेचा नसून न्याय खात्याचा नोकर असतो, आणि वकील लावण्याचा हक्क असला तरी तो स्वतःच्या खर्चाने. त्यामुळे दहा वर्षांचे मूल एकटे न्यायाधीशासमोर बसले आहे असे दृश्य इथे घडते. १९९६ च्या कायद्याने आणलेल्या झटपट निष्कासनात तर न्यायाधीशही नसतो, सीमेवरचा अधिकारीच आदेश लिहितो.

तरीही दोन गोष्टी आपल्या धाग्याच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे, समोरचा माणूस परकीय आहे हे आधी सरकारला दाखवावे लागते. ते दाखवल्यानंतरच आपण कायदेशीरपणे आलो हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर जातो. जो नागरिक असल्याचा दावा करतो त्याचा दावा न्यायालयानेच तपासला पाहिजे, हे एन्ग फंग हो या प्रकरणात १९२२ मध्येच ठरले, आणि तेही चिनी लोकांविषयीच्या उघड द्वेषाच्या काळात. भारतात १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याचे कलम ९ नेमके उलट सांगत होते, की मी परकीय नाही हे ज्याच्यावर संशय आहे त्यानेच सिद्ध करावे. तो कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून गेला आणि त्याच्या जागी इमिग्रेशन व परकीय नागरिक कायदा, २०२५ आला, पण हा भार जिथल्या तिथे राहिला.

दुसरी गोष्ट मुदतीची. १५ मार्च २०२५ रोजी १७९८ च्या शत्रुदेशीयांविषयीच्या कायद्याचा आधार घेऊन व्हेनेझुएलाच्या लोकांना विमानांत भरून एल साल्वादोरच्या तुरुंगात नेण्यात आले. ७ एप्रिलला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने इतर बाबतींत मतभेद असूनही एका मुद्द्यावर एकमत दाखवले, की अशा व्यक्तीला पूर्वसूचना आणि दाद मागता येईल इतका वेळ मिळालाच पाहिजे. १६ मे रोजी त्याच न्यायालयाने सुमारे २४ तासांची आणि दाद कशी मागायची हे न सांगणारी नोटीस पुरेशी नाही, असे म्हटले. इथे ग्रीन कार्ड सतत जवळ बाळगण्याचे कायदेशीर बंधन अठरा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक ग्रीन कार्डधारकावर पूर्वीपासून आहे. आम्ही ते इतकी वर्षे कपाटात ठेवत होतो आणि आता पाकिटात ठेवतो, एवढाच फरक आमच्या घरात पडला. पण रात्री दूध आणायला जातानाही पाकीट चाचपण्याची सवय लागली आहे.

पालावरची

भार कोणावर, हा प्रश्न अमेरिकेच्या पुस्तकांतला म्हणून सोडून देऊ नये. मी मराठवाड्यात भटक्या-विमुक्त समाजांच्या वस्त्यांवर काम करते आणि बंगाली मजुरांचा विषय निघाला की मला माझ्या पालांवरची माणसे दिसतात. १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच नागरिक असतो. त्यानंतर ३ डिसेंबर २००४ पूर्वी जन्मलेल्याला आई किंवा वडील भारतीय असल्याचे दाखवावे लागते, आणि पुढच्यांच्या बाबतीत एक पालक भारतीय असून भागत नाही, दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावाही लागतो. कायदा वाचायला सोपा आहे. आता मला सांगा, परभणीच्या पालावर जन्मलेल्या आणि ऊसतोडीच्या फडावर वाढलेल्या बाईने आपली आई कोठे जन्मली हे कोणत्या कागदाने दाखवायचे?

पालाचे जाऊ द्या, तुमच्या-आमच्या घरांत पाहा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने लिहिलेली १ जून ही जन्मतारीख महाराष्ट्रात किती जणांची आहे! आमच्या घरात आजोबा, वडील आणि दोन काका असे चौघे १ जूनला जन्मलेले आहेत, आणि दोन काकांमध्ये कागदोपत्री अंतर नेमके एक वर्षाचे आहे. वडिलांच्या सातबाऱ्यावर आडनाव ‘गाइकवाड’ आहे, निवृत्तिवेतनाच्या पुस्तकात ‘गायकवाड’. आसाममध्ये अशाच फरकांवर माणसे परकीय ठरली. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या एका माणसाला बारा वर्षांनी भारतीय ठरवताना सांगितले, की नावांच्या स्पेलिंगमधले आणि तारखांमधले किरकोळ फरक निर्णायक मानू नयेत, आणि कलम ९ आहे म्हणून हाताशी काहीही आधार नसताना कोणाचेही दार ठोठावून ‘तू परकीय आहेस, सिद्ध कर’ असे म्हणता येत नाही. हे ऐकायला तो माणूस हयात राहिला नव्हता.

राष्ट्रीय नागरिक नोंदणीतून ३१ ऑगस्ट २०१९ रोजी आसामात १९ लाख ६ हजार ६५७ लोक बाहेर राहिले होते. हा आकडा वाचताना प्रत्येक वेळी मला गुरुजींची दौत आठवते.

गिरणगाव

जाणत्यांना हे सारे नवे वाटू नये म्हणून लिहितो. १९९८ मध्ये युतीचे सरकार असताना मुंबईतून जरीकाम करणाऱ्या बंगाली मुसलमान कारागिरांना बांगलादेशी म्हणून रेल्वेने पाठवले जात होते. जुलैमध्ये कुर्ल्याहून हावड्याकडे निघालेली गाडी उलुबेरिया स्थानकावर जमावाने अडवली आणि महाराष्ट्र पोलिसांच्या ताब्यातील माणसे उतरवून घेतली. त्यांत भारतीय आहेत असा तिथल्या लोकांचा दावा होता. दोन राज्यांत आणि संसदेत त्यावरून रण पेटले होते. गाडी अडवणे कायद्यात बसत नाही हे खरेच, परंतु त्या डब्यातील माणसांना दाद मागण्यासाठी उरलेली जागा रेल्वे फलाट एवढीच होती, हेही लक्षात घ्यावे. आमच्या चाळीखालच्या गाळ्यात जरीचे चार माग होते. त्या जुलैनंतर तिथे कुलूप लागले, आणि कारागीर पकडले गेले की भीतीने आपणहून गेले, हे कोणालाच समजले नाही. मालकाने पुढे तिथे झेरॉक्सचे दुकान टाकले.

सातबारा

पालावरची यांच्या प्रतिसादाने मी थोडा थांबलो हे कबूल करतो. १ जूनच्या नोंदी मी स्वतः शेकड्यांनी पाहिल्या आहेत आणि वारसनोंदीत त्यांच्यावरून होणारी भांडणेही सोडवली आहेत. तिथे आम्ही काय करत होतो? गावात पंचनामा करायचो, चार जुन्या माणसांचे जबाब घ्यायचो, हरकतीसाठी नोटीस लावायचो आणि मग फेरफार मंजूर करायचो. मंडल अधिकाऱ्याने मंजूर केलेल्या साध्या फेरफाराविरुद्धही उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील असते. गुंठाभर जमिनीसाठी एवढे होते, तर माणसासाठी व्हावे, याला माझी हरकत नाही.

माझी हरकत भार सरकारवर टाकण्याला आहे. माणूस कोठे जन्मला हे त्याच्या स्वतःच्या माहितीतले असते आणि पोलिसाला ते शोधणे जवळपास अशक्य असते. पुराव्याच्या कायद्यातही विशेष माहिती ज्याच्याजवळ आहे त्यानेच ती सिद्ध करावी, असे तत्त्व आहे. त्यामुळे भार त्याच्यावर राहू द्या, पण तो पेलायला वेळ द्या, आणि मूळ राज्याकडून लेखी उत्तर येईपर्यंत कोणाला हलवू नका. ३० दिवस म्हटले तर ३० दिवस. दिलेली मुदत न पाळणे हे कठोरपणाचे नव्हे, आळसाचे लक्षण आहे, आणि खरा घुसखोर अशा आळशी कारवाईमुळेच न्यायालयात सुटतो.

काळी शाई

सातबारासाहेब, लेखी उत्तराची अट मान्य असेल तर आपल्यात फारसे अंतर उरले नाही. मी त्यात एवढीच भर घालीन की भार पेलायचा तर हात मोकळे हवेत. कोठडीत बसलेला माणूस मुर्शिदाबादच्या शाळेतून दाखला कसा मागवणार? विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ खाली कोठडीतील कोणत्याही व्यक्तीला मोफत वकील मिळतो आणि तिथेही नागरिकत्वाची अट नाही. अडचण अशी आहे की हा हक्क ‘अटक’ दाखवली तरच जागा होतो. ‘चौकशीसाठी आणले आहे’ आणि ‘पडताळणी चालू आहे’ या दोन वाक्यांत चार दिवस सहज निघून जातात. ठाणे दैनंदिनीत त्या चार दिवसांची नोंद शोधली तर ती सापडेलच याची खात्री नसते. तेव्हा कोणाच्या साइटवरून वा सोसायटीच्या बांधकामावरून माणूस नेला गेला, तर पहिल्या काही तासांत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला फोन करावा, नेल्याची वेळ लिहून ठेवावी आणि गावच्या ठाण्याचा क्रमांक मिळवावा. बाकी युक्तिवाद मागाहून करता येतात.

त्या गवंड्याविषयी काहींनी व्यक्तिगत निरोपांतून विचारले आहे. तो त्याच मुकादमाकडे आहे. गेल्या महिन्यात तो ती प्लास्टिकची पिशवी घेऊन माझ्याकडे आला होता, कारण त्याला दाखला आणि पर्चा यांचे मराठी भाषांतर करून त्यावर नोटरीचा शिक्का हवा होता, म्हणजे पुढच्या वेळी नाश्त्याच्या गाडीवरच्या मुलाला बोलवावे लागू नये. तीन दिवसांच्या मजुरीइतके पैसे देऊन त्याने भाषांतर करून घेतले. काल ते तपासताना माझ्या लक्षात आले, की आधारवर ‘शेख’ आहे आणि भाषांतरकाराने बंगाली अक्षरांना धरून प्रामाणिकपणे ‘सेख’ लिहिले आहे. सोमवारी आम्ही दोघे पुन्हा नोटरीकडे जाणार आहोत.